पोरांच्या भांडणाला साडेचार तारे, आईबापांच्या भांडणाला दोन

गूगलवर या शाळेखाली जे अभिप्राय आहेत त्यात एकाने 'छान शाळा' लिहिलंय, दुसऱ्याने 'शिस्त चांगली', आणि तिसऱ्याने पार्किंग नाही म्हणून एक तारा दिलाय. पार्किंग खरंच नाही. पण पहिलीत मूल घालायला निघालेल्या आईला यातून काय कळणार? म्हणून जरा लांबड लावते.

शाळेचं नाव इथे घालत नाही. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या किनाऱ्यावरची, चर्चच्या आवारातली, सिस्टर लोक चालवतात ती पहिली ते चौथीची मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, एवढं पुरे. खाली ज्या मुलांबद्दल लिहिलंय ती अजून त्याच बाकांवर बसतात, तेव्हा कुणी अंदाज बांधत बसू नये. मी कोण, तर गाबीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छीमार समाजातली. नवरा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामाईक जाळ्यात वाटेकरी, शिवाय घरची छोटी होडी. मी मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिते, डिझेल परताव्याचे कागद रंगवते. थोरली इथून चौथी करून हायस्कूलला गेली, धाकटा तिसरीत आहे. म्हणजे शाळा मी बऱ्यापैकी आतून पाहिली आहे आणि सिस्टरांशी माझं एकदा चांगलं वाजलंही आहे.

आधी वरवरच्या गोष्टी उरकते. इमारत चिऱ्याची, मंगळुरी कौलांची. पावसात तिसरीच्या वर्गात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते. विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असतं, संडास स्वच्छ असतात, कारण मोठ्या सिस्टर सकाळी स्वतः जाऊन बघतात. संगणक तीन, त्यातला चालतो एक. दोन बाई आणि चार इयत्ता, त्यामुळे पहिली-दुसरी एकत्र, तिसरी-चौथी एकत्र. फी नसल्यातच जमा. इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसेस सकाळी वाडीवाडीतून मुलं उचलून नेतात, त्यामुळे पट दरवर्षी खाली. पट उतरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की पालक म्हणतात 'शिक्षकच नाहीत', आणि आणखी चार मुलं बसमध्ये चढतात. या चक्रात शाळा कितपत टिकेल, मला सांगता येत नाही. वाचन-लेखन मात्र पक्कं करून घेतात. माझा मुलगा दुकानावरच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, औषधाच्या खोक्यावरचं सगळं वाचतो आणि आम्हाला वैताग आणतो.

दुपारचं जेवण शासनाच्या पोषण आहारातलं. कागदावर प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. ते मोजायला मी गेले नाही, पण उसळ पातळ नसते हे पाहिलंय. मला सांगायचंय ते पंगतीबद्दल. सोमवारी बाई चिठ्ठ्या काढतात आणि आठवडाभर कोण कुणाच्या शेजारी बसणार ते ठरतं. गाबीत, भंडारी, मराठे, बौद्ध, ख्रिस्ती, दोन-तीन मुसलमान घरातली, सगळी चिठ्ठीप्रमाणे. वाढायला चौथीची मुलं. आपल्याकडे गावात अजून कोण कुणाकडे पाणी पितो याचे हिशेब ठेवणारी माणसं आहेत, माझी सासू त्यातलीच. थोरली पहिलीत असताना आजी रोज विचारायची, "आज कोणाच्या बाजूक बसलंस?" आठवडाभर पोरीने नावं सांगितली, मग वैतागून म्हणाली, "जेवलंय मां, मगे काय?" त्यानंतर आमच्या घरात तो प्रश्न कुणी विचारलेला नाही.

आता ज्याची कुजबुज सगळे करतात पण अभिप्रायात कुणी लिहीत नाही ते. 'पाद्र्यांची शाळा, पोरांना बाटवतील.' मलाही हे तीन जणांनी सांगितलं होतं, त्यातल्या दोघांची मुलं अजून कुठल्याच शाळेत नव्हती. प्रत्यक्षात काय, तर घटनेच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. इथे प्रवेशाच्या वेळीच तसा कागद पुढे येतो. मी 'नाही'वर खूण केली. ख्रिस्ती मुलं ज्या तासाला धर्मशिक्षणाला जातात त्या तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. सकाळच्या प्रार्थनेला कुणी क्रूस करतो, कुणी हात जोडतो, माझा धाकटा बहुतेक वेळा पुढच्याच्या शर्टाची कॉलर ओढतो. नाताळात गोठा सगळेच मिळून करतात आणि गणपतीच्या सुट्टीआधी मातीचे उंदीरही करतात. एवढ्याने कुणी बाटत असेल तर मग आमचं गाव केव्हाच बाटून परत आलेलं आहे. तरी एक खरं, गोष्टी बायबलच्या असतात. मूल्यशिक्षणाच्या तासालाही सिस्टर उधळ्या मुलाची गोष्ट सांगतात आणि जक्कयची सांगतात. ज्यांना तेवढंही नको असेल त्यांनी दुसरी शाळा बघावी. मला चाललं, आणि पुढे त्यातल्याच एका गोष्टीने आमच्या घरात गोंधळ घातला.

मी ही शाळा कुणाला सुचवते ती खरं तर भांडणांसाठी. म्हणजे मुलांची भांडणं तिथे ज्या पद्धतीने हाताळतात त्यासाठी.

पार्श्वभूमी बाहेरच्यांसाठी थोडी सांगावी लागेल. आमच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात गेली कित्येक वर्षं धुमसतंय. रापण म्हणजे किनाऱ्यावरून होडीने जाळं अर्धगोल फिरवून आणायचं आणि दोन्ही टोकं वाळूत उभं राहून माणसांनी ओढायची. जाळं संघाचं, मासळीचे वाटे सगळ्यांचे. पर्ससीन म्हणजे यांत्रिक बोटीने बांगड्या-तारल्यांच्या अख्ख्या थव्याला भोवती जाळं टाकायचं आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखं तोंड आवळायचं. थवा गेला की किनाऱ्यावर दोर ओढून हातात काय येणार? ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीत पर्ससीनवर कडक निर्बंध आले. २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्यावर बंदी आली. कागदावर. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर उजेड कुठे दिसतो ते आमच्याकडच्या पाच वर्षांच्या मुलालाही बोटाने दाखवता येतं. पर्ससीनवालेही सगळे काही बंगलेवाले नाहीत. बोटीचा मालक एक, पण तांडेल (बोटीवरचा प्रमुख) आणि खलाशी पगारावर किंवा टक्केवारीवर, आणि त्यातले कितीतरी आमच्याच वाड्यांतले, आमच्याच नात्यातले. मोसम बुडला की त्यांच्याही चुली थंड.

तर गेल्या हिवाळ्यात समुद्रावर अशीच एक रात्र झाली. पकडापकडी, शिवीगाळ, पोलीस. दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात चित्रकलेचा तास होता. धाकट्याच्या बाकावर जो मुलगा बसतो त्याचा बाप पर्ससीनवर तांडेल आहे. त्या मुलाने बापाची बोट काढली होती, चांगली रंगवून, झेंड्यासकट. माझ्या चिरंजीवांनी ती वहीतून टराटरा फाडली आणि अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, "तुझ्या बापाशीन आमचो बांगडो चोरल्यान!" त्या मुलाने ढकललं, हा बाकाच्या कोपऱ्यावर आपटला आणि समोरचा दात पडला. दुधाचा होता, आठवड्याने पडणारच होता, पण रक्त ते रक्त. शर्टावर बघवत नव्हतं.

मी शाळेत पोचले तेव्हा मला वाटलं होतं तेच चाललं असेल: दोघं कान धरून उभे, 'सॉरी म्हण', 'हात मिळव', 'पुन्हा करणार नाही म्हण'. आमच्या वेळी छडी होती. आता शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणंही बंद आणि मानसिक छळही बंद, मग सगळ्या शाळांनी छडीच्या जागी हे 'सॉरी' आणलंय. पाच सेकंदांत काम होतं, दोन्ही मुलं मनात दात-ओठ खात घरी जातात.

इथे दोघं वेगवेगळ्या खोल्यांत होते. एकाजवळ बाई, एकाजवळ मोठ्या सिस्टर. माझ्या मुलाच्या तोंडात बर्फ होता. बाईंनी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. काय झालं. कुणाला काय लागलं. आता काय केलं म्हणजे बरं होईल. दुसऱ्या प्रश्नावर तो बराच वेळ फक्त स्वतःच्या दाताबद्दल बोलत होता. बाई थांबल्या. आणखी कुणाला? मग चित्र आलं. मग, बऱ्याच वेळाने, "तेच्या बापाशीक मी चोर म्हटलंय." हे सगळं मालवणीत चाललं होतं आणि बाई एकदाही 'नीट मराठीत बोल' म्हणाल्या नाहीत. हे मला फार आवडलं. एरवी त्याच बाई पाठ वाचताना अनुनासिकासाठी जीव खातात.

त्या दिवशी दोघांची गाठ घातलीच नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनाच बसवलं, बाई दाराशी. जमलं नाही, दोघंही गप्प. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपला एक सोबती आणायचा, असे चौघं. तिथे फुटलं एकदाचं.

या पायऱ्या शाळेने कुठून काढल्या ते मला नंतर पालकसभेत कळलं. फादरांनी मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय सांगितला: भावाने अपराध केला तर आधी दोघंच असताना त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घेऊन जा. तरी नाही तर मग मंडळीला सांग. मी ऐकताना मनात आमच्या वाडीचा क्रम लावून बघत होते. आमच्याकडे आधी गावभर, मग देवळात गाऱ्हाणं, मग कोर्टात तारीख, आणि ज्याच्याशी भांडण त्याच्याशी दोन शब्द बोलायचं राहूनच जातं. माझ्या सासऱ्यांचा चुलतभावाशी माडाच्या बांधावरून दावा होता. दोघंही गेले, दावा आहे.

भरपाई काय करायची ते मुलांनी ठरवायचं असतं. पडलेल्या दाताची भरपाई म्हणून त्या मुलाने आठवडाभर पंगतीत माझ्या मुलाला आधी वाढायचं, तेही मऊ भात बघून. हे सोपं होतं. चित्राची भरपाई ठरवताना जक्कय मध्ये आला. जक्कय हा बायबलातला लबाड जकातदार. येशू त्याच्या घरी येतो तेव्हा तो उभा राहून म्हणतो, मी कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करीन. ही गोष्ट सिस्टरांनी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलेली. तांडेलाच्या पोराने सरळ मागणी ठेवली: एक फाडलंस, चार काढून दे. सिस्टरांना हसू आवरलं नसावं, पण मान्य केलं.

मग आमच्या ओटीवर चार पर्ससीन बोटी निघाल्या. रापणकराच्या ओटीवर! माझ्या मुलाने ती बोट आयुष्यात जवळून पाहिलेली नव्हती, आम्ही तिकडे नजर करून थुंकणारी माणसं. मग शाळेत रोज त्या मुलाला विचारून यायचा: विंच, म्हणजे दोर ओढायचं यंत्र, कुठे असतो, जाळ्याचा ढीग कुठे रचतात, बुचं कुठल्या रंगाची, पाठीमागची लहान होडी कशाला. आणि यायचा ते नुसती बोटीची माहिती घेऊन यायचा नाही. बापाच्या हाताला विंचची दोरी कापून गेलेली. तांडेल रात्रभर उभाच असतो. मालक फोनवर शिव्या देतो. दुसऱ्या चित्राच्या वेळी नवरा जेवायला बसता बसता म्हणाला, "ह्या घरात ही बोट कित्याक?" पोराने सांगितलं, सिस्टरनी सांगितलंय, चार काढूक व्हयी. नवरा गप्प जेवला. हात धुऊन आला तेव्हा चित्राकडे बघून म्हणाला, "बुचां एवढी लांब लांब नसतत." त्याला काही पर्ससीनचा पुळका आलेला नव्हता. चुकीचं जाळं त्याला कागदावरही बघवत नाही, एवढंच.

दोन्ही मुलांना परसबागेचं एकच झारी-काम दिलं, लाल माठाचे दोन वाफे. तिथे ते अजूनही भांडतात, पण पाणी कुणी किती घातलं यावरून.

साडेचार तारे यासाठी. अर्धा का कापला ते आता सांगते, आणि माझं सिस्टरांशी वाजलं ते यावरूनच.

ही सगळी पद्धत सुरू होते कुणीतरी ओरडल्यावर. दात पडतो, वही फाटते, कुणीतरी रडत बाईंकडे जातो. जे मूल रडत जात नाही त्याचं काय? माझी थोरली तिसरीत असताना छोट्या सुट्टीचा डबा खाईना झाली. मला वाटलं पंगतीतलं जेवण पुरतंय. पुढे कळलं की तीन-चार मुली नाक धरून म्हणायच्या, "हिच्या दप्तराक म्हावऱ्याचो वास येता." वास येणारच. घरात जाळी, पडवीत सुकत घातलेले बांगडे, आईच्या हाताला सोसायटीच्या लिलावाचा वास. पोरगी डबा चर्चच्या मागे कुत्र्याला घालायची आणि घरी रिकामा आणायची. जवळजवळ एक सत्र हे चाललं. कुणी दात पाडला नाही, कुणी ओरडलं नाही, म्हणून तीन प्रश्न कुणीच विचारले नाहीत. दारापाशी तक्रारपेटी आहे, पण 'माझ्या दप्तराला वास येतो' असं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही.

कळल्यावर मी गेले आणि आवाज चढवला. सिस्टरांनी ऐकून घेतलं. नंतर जे केलं ते चांगलं केलं. त्या मुलींना रागावल्या नाहीत, त्यांच्या आयांना बोलावलं नाही. पूर्ण वर्गाला लिलाव बघायला बंदरावर आणलं आणि हिशेब माझ्या मुलीला सांगायला लावला: टोपली केवढ्याला गेली, व्यापाऱ्याला किती, बर्फाला किती. आकडे तिला झोपेतही येतात. त्यानंतर डबा परत सुरू झाला. पण ते सत्र गेलं ते गेलं. दंगेखोर मुलग्यांना या शाळेत बाईंचा भरपूर वेळ मिळतो, गप्प मुलींना उरलासुरला.

आणखी एक गोष्ट ख्रिस्ती नसलेल्या आईबापांना माहीत असलेली बरी. तिसरी-चौथीच्या सुमारास ख्रिस्ती मुलांची पहिल्या कुमगाराची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची, तयारी सुरू होते आणि त्याआधी पहिलं कुमसार असतं, म्हणजे फादरांपुढे आपल्या चुका सांगायच्या. वर्गातली अर्धी मुलं ते पाठ करत असतात, त्यामुळे बाकीच्यांना वाटतं आपल्याला कुठल्यातरी मजेतून वगळलंय. माझा मुलगा हट्टाला पेटला की मलाही फादरांना सांगायचंय. मी सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तो संस्कार आहे, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी, आणि तो देणं फादरांचं काम. मीही देऊ शकत नाही. पण तुमच्या मुलाला बोलायचं असेल तर आवारात बाक आहे, फादर संध्याकाळी तिथे असतात, गप्पा मारायला कुणीही यावं. गेला. काय बोलला ते मला सांगितलं नाही. घरी येऊन आजीचा चष्मा कुणी लपवला होता ते मात्र त्या दिवशी कळलं.

त्यावरून मी एक आडवा प्रश्न विचारला होता, तुम्हीही कुठल्याही शाळेत तो विचारा. कुमसारात सांगितलेलं फादर कधीच, कुणालाच सांगू शकत नाहीत, ते त्यांच्या धर्माचं बंधन. मग मुलाने बाईंना किंवा सिस्टरांना विश्वासाने घरातलं काही वाईट सांगितलं, कुणी मारतं, कुणी नको तिथे हात लावतं, तर तेही असंच पोटात ठेवणार का? सिस्टर क्षणभरही अडखळल्या नाहीत. "मी फादर नाही, आणि हे कुमसार नाही. असं काही मूल बोललं तर मला पोलिसांना कळवावंच लागतं, पॉक्सोचा कायदा आहे." व्हरांड्यात १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मुलांच्या उंचीला रंगवलेला आहे. बहुतेक शाळांत तो मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे, मुलांना दिसणार नाही अशा उंचीवर असतो.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात शाळेत वेगळं वारं असतं. राखेच्या बुधवारी ख्रिस्ती मुलं कपाळाला राख लावून येतात. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते, आणि इकडे त्या झावळ्या आमच्याच माडांच्या असतात. शुक्रवारी त्यांना मटण-कोंबडी वर्ज्य, पण मासळी चालते. श्रावणात आमचेच लोक मासळी सोडतात आणि भाव पाडतात, तेव्हा एक हिशेबनीस म्हणून माझं मत उपवासकाळाच्या बाजूने आहे. बरोबर त्याच दिवसांत आपला शिमगा येतो. बोंबा मारून घसा बसलेली आमची पोरं आणि गंभीर चेहऱ्याने त्यागाच्या डब्यात नाणी टाकणारी त्यांची पोरं एका बाकावर. तिथेही चिडवाचिडवी होते. बाई ती चालू देतात, मर्यादा सुटली तरच तीन प्रश्न काढतात.

आता दोन तारे.

दात पडला त्याच दिवशी पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी आवाजी संदेश टाकला: 'पर्ससीनवाल्यांच्या पोरान रापणकरांच्या पोराचो दात पाडल्यान.' संध्याकाळपर्यंत तो तीन बंदरं फिरून माझ्याकडे माझ्या मामेबहिणीकडून परत आला, तोवर दात दोन झाले होते. शाळेने काय केलं, तर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करून टाकलं. मुलांना जे तीन प्रश्न विचारले ते त्या ग्रुपवर कुणी कुणाला विचारले नाहीत. आता ग्रुपवर सुट्टीच्या सूचना आणि 'शुभ सकाळ' येतं, आणि खरं बोलणं दुसऱ्या ग्रुपवर चालतं, जिथे बाई नाहीत.

मग फादरांनी दोन्ही बापांना बोलावलं. चर्चच्या ऑफिसात, टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या शेजारी शेजारी, पलीकडे फादर. दोन्ही बाप फादरांकडे बघत बसले. तहसीलदाराकडे तारखेला बसावं तसलाच कारभार. मुलांचं बोलणं संपवून लगेच विषय दिव्यांवर गेला, मग गस्ती नौकेवर, मग कुणाच्या बोटीवर कुणी दगड टाकला यावर. फादर घाटावरचे, त्यांना सागरी मैल आणि मोसम यातलं काही समजेना. ते क्षमेबद्दल बोलू लागले. माझा नवरा उठला. तांडेल त्याच्याही आधी उठला होता, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत.

माझी तक्रार ही की तिथेच संपलं. मुलांचं दुसऱ्या दिवशी जमलं नाही तर तिसऱ्या दिवशी बसवलं, सोबती आणायला सांगितले. बापांसाठी एकच बैठक, आणि त्यातही टेबल. माणूस तोच असतो, उंची वाढली म्हणून त्याला कमी वेळ लागतो असं थोडंच आहे? पर्ससीनचा प्रश्न शाळा सोडवेल अशी अपेक्षा कुणाचीच नाही. तो मत्स्य विभागाला सुटलेला नाही. पण एका वर्गात बसणाऱ्या दोन मुलांचे बाप गेटवर एकमेकांना बघून रस्ता बदलतात, एवढ्यापुरतं तरी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

तांडेलाची बायको आणि मी गेटवर भेटलो, ते शाळेच्या योजनेबाहेर. तिने दाताचं विचारलं, मी चित्राचं. जाळ्यांबद्दल आम्ही दोघी अवाक्षर बोललो नाही, अजून बोलत नाही. पाऊस असेल तेव्हा जी आधी पोचते ती दोन्ही पोरांना घेऊन येते.

प्रवेश घ्यायचा असेल तर जूनची वाट बघू नका, एप्रिलमध्येच जा. पटाचा आकडा आधी कळला तर शाळेलाही बरं. मुलाचं वय ३१ डिसेंबरला सहा पूर्ण हवं. जन्मदाखला, आधार न्या, आणि धर्मशिक्षणाच्या संमतीचा कागद वाचून मगच खूण करा, वाचायला वेळ देतात. ज्यांना स्मार्ट बोर्ड, बस, टाय आणि इंग्रजी कविता हवी त्यांची इथे निराशा होईल. ज्यांचं मूल गप्प आहे त्यांनी पहिल्याच भेटीत सिस्टरांना सरळ विचारावं: जे मूल तक्रार करत नाही ते तुम्हाला कसं कळतं? मी हा प्रश्न गेल्या पालकसभेत लेखी दिलाय. उत्तर जूनच्या सभेत देतो म्हणाल्यात. त्या सभेला टेबल नको, चटया घाला, असंही त्याच कागदावर खाली लिहून ठेवलंय.